घरचा संगणक नव्या प्रणालीवर नेताना

या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला बोलावले, तेव्हा बोनस, किमान वेतन किंवा नवे कामगार कायदे यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही विषय कळवला तो घरच्या संगणकाचा. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचे आश्चर्य रास्त होते. आम्ही शाळा नववीत सोडली, आणि संगणक शिकलो तो चाळिशीनंतर, युनियनच्या पत्रव्यवहारासाठी, चुका करीत करीत. परंतु २०२५ च्या पावसाळ्यापासून आमच्या कचेरीत येणारी माणसे पगाराच्या तक्रारीबरोबर आणखी एक प्रश्न घेऊन येऊ लागली. "भाऊ, घरच्या कॉम्प्युटरवर सारखं लिहून येतं की याचा सपोर्ट संपला. दुकानदार म्हणतो, हा आता भंगारात काढा, नवा घ्या. काय करायचं?"

विचारणारा बहुधा निवृत्त माणूस असे. मुलीच्या डिप्लोमासाठी हप्त्याने घेतलेला संगणक. मुलगी नोकरीला लागली, हप्ते फिटले, यंत्र अजून चालते आहे. अशा माणसाला पुन्हा हप्त्यात घालण्यापूर्वी त्याला चार गोष्टी नीट समजावून सांगणे हे आमचे काम आहे, असे आम्हांला वाटले. त्या गोष्टी सांगण्यासाठीच आज आम्ही येथे उभे आहोत.

प्रथम, कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, ते पाहू. गिरणी ज्यांनी पाहिली असेल त्यांना जॉबर आठवेल. कोणत्या मागावर कोण उभा राहील, सूत कोणाला किती मिळेल, कोणी केव्हा थांबावे, हे जॉबर ठरवी. संगणकात पत्र लिहिण्याचा, हिशेबाचा, चित्रे पाहण्याचा असे अनेक प्रोग्रॅम असतात. ते कामगार होत. प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क, प्रिंटर ही यंत्रसामग्री होय. या दोहोंमध्ये उभी असते ती कार्यप्रणाली. तिला विचारल्यावाचून कोणताही प्रोग्रॅम डिस्कवर एक अक्षर लिहू शकत नाही, की प्रिंटरला कागद ओढायला लावू शकत नाही. जॉबर बदलला की माणसे तीच, माग तेच, पण कामाची रीत बदलते. आणि एखाद्या जुन्या कामगाराचे नव्या जॉबरशी जमत नाही. नवी प्रणाली घातल्यावर जुना प्रिंटर मुका का होतो किंवा एखादा जुना प्रोग्रॅम उघडेनासा का होतो, याचे कारण हेच आहे.

आपल्याकडच्या घरगुती संगणकांवर बहुधा मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही प्रणाली असते. तिच्या आवृत्त्यांचा थोडा इतिहास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. विंडोज एक्सपी २००१ साली आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिची जबाबदारी कंपनीने सोडली. विंडोज ७ ची जबाबदारी १४ जानेवारी २०२० रोजी सुटली. विंडोज १० ही २९ जुलै २०१५ रोजी आली. त्या वर्षी कंपनीच्या एका अधिकाऱ्याने जाहीर सभेत ही विंडोजची शेवटची आवृत्ती असल्याचे सांगितले होते. पुढे ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मुदत संपली. व्यवस्थापनाच्या तोंडी आश्वासनाचे मोल किती धरावे, हे कामगारांना सांगावे लागत नाही. संगणक वापरणाऱ्यांनीही ते शिकून घ्यावे.

मुदत संपली म्हणजे नेमके काय संपले? संगणक त्या दिवशी बंद पडला नाही. १५ ऑक्टोबरच्या सकाळी तो पूर्वीसारखाच सुरू झाला. संपली ती कंपनीची दुरुस्तीची हमी. प्रणाली हा कोट्यवधी ओळींचा मजकूर. तो माणसांनी लिहिलेला असल्यामुळे त्यात फटी राहतातच. त्या जसजशा सापडतात तसतशी कंपनी दर महिन्याला बुजवण पाठवते. मुदतीनंतर फटी सापडत राहतात, पण बुजवण येत नाही. वाड्याचा पहारा उठला आणि वाडा उभाच आहे, अशी ही स्थिती आहे. पहिल्या रात्री चोरी होईलच असे नाही. परंतु पहारा उठल्याची बातमी चोरांपर्यंत पोहोचलेली असते.

यात केवळ घाबरवण्याचा भाग किती आणि खरा भाग किती, असे कोणी विचारील. म्हणून २०१७ सालच्या दोन गोष्टी सांगतो. त्या वर्षी १४ मार्च रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका फटीचे बुजवण प्रसिद्ध केले. ज्यांनी ते घेतले नाही, किंवा ज्यांच्या जुन्या आवृत्तीसाठी ते निघालेच नव्हते, त्यांच्यावर १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा किडा चालून आला. हा किडा यंत्रातल्या फायली कुलूपबंद करी आणि कुलूप काढण्यासाठी पैसे मागे. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांवर यंत्रे त्याच्या तावडीत सापडली. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत रोग्यांच्या सुमारे १९ हजार ठरलेल्या भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा तेथील सरकारी लेखापरीक्षकांचा अंदाज आहे. प्रकरण इतके वाढले, की तीन वर्षांपूर्वी वाऱ्यावर सोडलेल्या एक्सपीसाठीही कंपनीने तातडीने बुजवण काढले.

दुसरी गोष्ट आपल्या दाराशी घडली. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा दुसरा किडा सुटला. त्यात मार्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रे बसली, आणि तिच्याशी संबंधित असलेल्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम खोळंबले. डेन्मार्कच्या कंपनीच्या संगणकाला ताप आला आणि रायगड जिल्ह्यात कंटेनर अडकून पडले. मात्र याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हा किडा प्रथम शिरला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या अपडेटमधून. म्हणजे दुरुस्तीच्या पिशवीतूनच रोग आला. पुढे १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर थिजली. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेव्हा अपडेट घ्यावे, पण ते घेतल्यावर काहीही होऊ शकते हे धरून, आपल्या कागदपत्रांची प्रत बाजूला ठेवूनच घ्यावे.

हे शहाणपण आम्हांला उपजत नव्हते. ते आम्ही फार महाग विकत घेतले, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणी दिली. ही हकीकत सांगणे सुखाचे नाही. पण ती टाळून पुढचे सांगितले, तर ते पोपटपंचीसारखे होईल.

२०२० च्या जानेवारीत विंडोज ७ ची मुदत संपली, तेव्हा आम्ही घरचा संगणक एका दुकानात नेला. दुकानातला मुलगा हुशार आणि कामसू होता. तो म्हणाला, "काका, फॉरमॅट मारून विंडोज टेन टाकून देतो. सीचा बॅकअप हवाय का? डी तसाच राहील." आम्हांला घाई होती, आणि सी म्हणजे काय व डी म्हणजे काय हे विचारण्याची लाजही वाटली. आम्ही म्हटले, "काही नको, लवकर करा." संध्याकाळी यंत्र चकचकीत होऊन परत आले. आमच्या फायली आम्ही नेहमी समोरच्या पडद्यावर, म्हणजे डेस्कटॉपवर ठेवीत असू. आणि डेस्कटॉप हा सी मध्येच असतो, हे आम्हांला त्या रात्री कळले.

त्या फायलींत एका बंद पडलेल्या कारखान्यातील कामगारांचे ग्रॅच्युइटीचे दावे होते. बहुतेकांचे कागद त्यांच्या घरी होते. ते पुन्हा गोळा करण्यात चार महिने गेले. परंतु वाइंडिंग खात्यातील एका बाईंचे नेमणूकपत्र घरात पाणी शिरून लगदा झालेले होते. त्याची एकुलती एक प्रत आम्ही पूर्वी स्कॅन करून ठेवली होती, ती आमच्या डेस्कटॉपवर. मालकाकडच्या हजेरीपटात त्यांची पहिली चार वर्षे सापडत नव्हती. पुरावा नाही म्हणून ती चार वर्षे हिशेबातून गेली. दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन या दराने साठ दिवसांचे वेतन बुडाले. बाईंनी आम्हांला बोल लावला नाही. "भाऊ, तुम्ही काय मुद्दाम केलंत?" एवढेच म्हणाल्या. मुलाने विचारले होते. उत्तर आम्ही दिले होते.

तेव्हा नव्या प्रणालीच्या कामात पहिली पायरी प्रणालीची नाहीच, ती दप्तराची आहे. आपल्या कामाच्या फायली कोठे कोठे आहेत याची कागदावर यादी करावी. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स ही चार घरे बहुधा सी मध्येच असतात. हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा कित्येकदा त्या प्रोग्रॅमच्याच फोल्डरात दडलेला असतो. या सर्वांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि फार महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ती घराबाहेर, नातलगाकडे ठेवावी. इंटरनेटवर मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्येही ठेवता येते, पण तेथील मोफत जागा ५ जीबी एवढीच असते. घरातल्या लग्नाच्या फोटोंनाही ती पुरत नाही. आणि प्रत घेतल्यावर ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत ही घेतलेली प्रत समजू नये.

मराठीत टंकलेखन करणाऱ्यांनी येथे आणखी थोडे थांबावे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या फाँटांत लिहिलेली आपली हजारो पत्रे, अहवाल व घटना-नियम घरोघर पडून आहेत. त्या पद्धतीत रोमन अक्षरांच्या जागेवरच मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. तो फाँट यंत्रात नसेल, तर पत्र उघडल्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा भाजीपाला दिसतो. मजकूर मेलेला नसतो. त्याचे कपडे हरवलेले असतात. म्हणून विंडोजमधील फाँट्स या फोल्डरातून असे जुने फाँट निवडून प्रतीत घ्यावेत, आणि सवड काढून तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. युनिकोडमधला आपला परिचित मंगल फाँटही विंडोज १० व ११ कोरी घातल्यास आपोआप येत नाही; सेटिंगमध्ये जाऊन तो मागवून घ्यावा लागतो. तोपर्यंत अक्षरे दिसतात, पण दुसऱ्या फाँटात, आणि पानांची मांडणी सरकते.

दुसरी पायरी यंत्राच्या तपासणीची. विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी डिस्क आणि ६४ बिटी प्रोसेसर लागतो. एवढे जुन्या यंत्रांतही असते. अडते ते पुढच्या तीन अटींवर. प्रोसेसर कंपनीच्या मान्य यादीत असावा लागतो. ढोबळमानाने इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा आणि एएमडीचा रायझन २००० मालिकेपासून पुढचा, म्हणजे २०१७-१८ नंतरचा. यंत्र सुरू होताना आत येणाऱ्या प्रोग्रॅमची सही तपासणारा एक दरवान लागतो, त्याला सिक्युअर बूट म्हणतात. आणि गुप्त किल्ल्या ठेवणारी एक चिमुकली तिजोरी लागते, तिला टीपीएम म्हणतात. तिची आवृत्ती २.० असावी लागते. हे सर्व पाहण्यासाठी मायक्रोसॉफ्टचाच पीसी हेल्थ चेक नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो यंत्र पात्र की अपात्र हे सांगतो आणि कारणही सांगतो.

कारण वाचल्याशिवाय यंत्र भंगारात काढू नये. कित्येक यंत्रांत टीपीएम असते, पण कारखान्यातून येतानाच ते बंद ठेवलेले असते. यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, ज्याला बायोस म्हणतात तेथे, ते चालू केले की तेच यंत्र पात्र ठरते. या कामासाठी जाणत्या माणसाची मदत घ्यावी. मात्र त्यापूर्वी एक गोष्ट आपणच पाहावी. काही यंत्रांत डिस्क गुप्तलिपीत ठेवलेली असते, आणि बायोसमध्ये हात घातल्यावर यंत्र ४८ आकडी किल्ली मागते. ही किल्ली आधीच आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पाहून वहीत उतरवून ठेवावी. किल्ली नसेल तर आपलीच डिस्क आपल्याला उघडत नाही.

तिसरी पायरी प्रत्यक्ष बदलाची. यंत्र पात्र असेल आणि विंडोज १० अस्सल असेल, तर विंडोज ११ साठी पैसे पडत नाहीत. येथे दोन वाटा आहेत आणि दुकानात कोणती हवी ते स्पष्ट सांगावे. जुन्यावरच नवी चढवली तर फायली आणि बहुतेक प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात. फॉरमॅट मारून कोरी घातली तर पाटी पुसली जाते. यंत्र हलके होते, पण सर्व प्रोग्रॅम पुन्हा घालावे लागतात. पहिली वाट साध्या माणसाला पुरेशी आहे. काही तास मोकळे ठेवावेत. यंत्र चार-दोनदा आपोआप बंद होऊन सुरू होईल, त्यात हात घालू नये. विजेचा भरवसा नसेल तेथे यूपीएस लावून किंवा लॅपटॉप पूर्ण चार्ज करून, वायर लावूनच बसावे. चढवल्यानंतर दहा दिवस जुन्या आवृत्तीवर परतण्याची सोय असते. त्या दहा दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, हिशेबाचा प्रोग्रॅम, मराठी टंकलेखन, सारे वापरून पाहावे. अकराव्या दिवशी प्रिंटर मुका निघाला, तर परतीची ती सोपी वाट बंद झालेली असते.

आता ज्यांचे यंत्र खरोखरच अपात्र आहे त्यांचा प्रश्न. कॅनालिस या बाजारपाहणी करणाऱ्या संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज केला होता, की विंडोज १० च्या मुदतीमुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील. यांतील कित्येक यंत्रांचा एक खिळाही ढिला झालेला नाही. गिरणी नफ्यात असताना टाळे लागलेले आम्ही पाहिले आहे. हे त्याच जातीचे टाळे आहे. तरीही वाटा आहेत.

पहिली वाट वाढीव मुदतीची. घरगुती वापरणाऱ्यांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत विंडोज १० चे बुजवण पुरवण्याची योजना काढली. त्यासाठी ३० डॉलर भरावे, किंवा आपल्या यंत्राची सेटिंगे कंपनीच्या खात्यात जमा करावीत म्हणजे पैसे पडणार नाहीत, अशी अट घातली. युरोपातील ग्राहक संघटनांनी या अटीला हरकत घेतली, तेव्हा २०२५ च्या सप्टेंबरात युरोपीय आर्थिक क्षेत्रातील देशांपुरती ती सेटिंगे जमा करण्याची अट कंपनीने काढली. आपल्याकडे ती राहिली. संघटित माणसाला एक दर आणि सुट्या माणसाला दुसरा, हे आम्ही आयुष्यभर सांगत आलो. संगणकातही ते असेच निघाले.

दुसरी वाट प्रणालीच बदलण्याची. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स या प्रणालीचा गाभा लिहून जगाला खुला केला. आज उबुंटू, लिनक्स मिंट अशा तिच्या अनेक मोफत आवृत्त्या आहेत आणि आठ-दहा वर्षांच्या यंत्रांवर त्या सुखाने चालतात. केरळच्या सरकारी शाळांत संगणकाचे शिक्षण याच जातीच्या मुक्त प्रणालीवर दिले जाते. पेनड्राइव्हवर घालून, डिस्कला हात न लावता, ती आधी चालवून पाहता येते. पत्रे, हिशेबाचे तक्ते, मराठी युनिकोड, इंटरनेट एवढ्यावर ज्यांचे काम भागते, त्यांना ती पुरते. विंडोजसाठीच बनवलेला एखादा हिशेबाचा प्रोग्रॅम ज्यांना अडवतो, त्यांनी तो लिनक्सवर चालतो की नाही हे पाहूनच पाऊल टाकावे.

अपात्र यंत्रात आडवाटेने विंडोज ११ घालणारेही दुकानदार आहेत. तसे करता येते. पण पुढचे अपडेट मिळतील याची हमी कंपनी देत नाही. ज्या हमीसाठी हा सारा खटाटोप, तीच त्यात नाही. आणि काहीच करायचे नसेल, तर निदान ते यंत्र इंटरनेटपासून तोडावे व केवळ लिहिण्यावाचण्यासाठी ठेवावे. बँकेचा व्यवहार त्यावर करू नये.

श्रोतेहो, तारीख कंपनीने ठरवली. ती ठरवताना आपल्याला कोणी विचारले नाही. तीवर आपला ताबा नाही. परंतु आपल्या घरातील दप्तर सांभाळणे, दुकानात लाज न धरता प्रश्न विचारणे, आणि उत्तर समजेपर्यंत "लवकर करा" असे न म्हणणे, हे आपल्या हातात आहे. मागच्या रांगांत कॉलेजची मुले-मुली बसलेली दिसतात. त्यांना हे सारे आमच्यापेक्षा अधिक चांगले येते. रविवारी सकाळी आमच्या कचेरीत एक टेबल आणि एक मोठी हार्ड डिस्क मांडून ठेवलेली असते. गल्लीतला कोणी निवृत्त माणूस यंत्र घेऊन आला, तर त्याच्या फायलींची प्रत घेऊन, ती उघडून दाखवून, मगच पुढचे बोलायचे, एवढाच तेथील नियम आहे. आपल्यापैकी दोघे-तिघे जरी आले, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.